सरकणारं चित्र मागे डाग सोडतं, लुकलुकतं, अडखळतं: तपासणी कुठून सुरू करायची

मार्केट यार्डात सौद्याचे दर सरकवणारा टीव्ही असो, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा स्क्रीन असो की सांगलीच्या विश्रामबागेत रात्री जागून पूर्ण केलेला शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असो, हलणाऱ्या वस्तूचे दोष सगळीकडे तेच आठ-दहा असतात. तरी दर वेळी नवा कॉम्प्युटर घेण्यापासून सुरुवात होते. बहुतेक वेळा दोष एका ओळीचा किंवा एका केबलचा निघतो.

सोयीसाठी शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू. स्क्रीन १९२० बाय १०८० पिक्सेलचा. डावीकडे कृष्णेच्या पातळीची उभी पट्टी, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या हिशोबाची: ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पातळी दाखवणारा ६४ बाय ६४ पिक्सेलचा निळा बाण त्या पट्टीवर वर-खाली सरकतो. तळाला ७२ पिक्सेल उंचीच्या पट्ट्यात हळद, गूळ, बेदाण्याचे दर उजवीकडून डावीकडे वाहतात. बाकी सगळा स्क्रीन स्थिर.

लक्षणं

आधी नुसतं बघा, कोडला हात लावू नका. पुढच्यांपैकी नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहून घ्या. दोन-तीन एकत्रही असू शकतात.

शेपूट: वस्तू पुढे गेली तरी जुन्या जागी तिचा तुकडा, कड किंवा टिंब उरतं.

लुकलुक: वस्तू किंवा सगळी खिडकी क्षणभर पांढरी किंवा काळी होऊन परत येते.

फाट: हलणाऱ्या चित्राला आडवी चीर पडते, वरचा भाग एकीकडे आणि खालचा थोडा सरकलेला.

अडखळ: चाल गुळगुळीत नसते, ठरावीक अंतराने गचका बसतो.

लचका: दोन वस्तू जवळ आल्या की एकीचा कोपरा गायब होतो.

जोडबिंब: वस्तू आत्ताच्या आणि आधीच्या अशा दोन जागी आळीपाळीने दिसते.

गडद होणारी सावली: अर्धपारदर्शक भाग दर फ्रेमला, म्हणजे चित्र नव्याने काढलं जाताना दर वेळी, काळवंडत जातो.

थकवा: सकाळी छान चालतं, संध्याकाळी मंद पडतं किंवा चित्रंच येत नाहीत.

पहिली तपासणी: दोष कॉम्प्युटरमध्ये की पडद्यात?

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. दोष दिसत असतानाच प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून स्क्रीनशॉट घ्या. डाग स्क्रीनशॉटमध्येही असेल तर तो प्रोग्रामने किंवा ड्रायव्हरने (ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढलेला आहे. डोळ्यांना दिसतो पण स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, तर केबल, टीव्ही किंवा पडदा ताजा होण्याच्या वेळेचा प्रश्न आहे. आडवी फाट स्क्रीनशॉटमध्ये सहसा येतच नाही, कारण ती चित्र पडद्यावर जाताना पडते.

मग वस्तू थांबवा. थांबल्यावर शेपूट विरून गेलं तर ते पॅनेलचं आहे: स्वस्त पॅनेलमध्ये गडद रंगातून उजळ रंगात जायला पिक्सेल वेळ घेतात. थांबल्यावरही शेपूट तिथेच राहिलं तर ते तुमच्या कोडचं. हा एवढा फरक न पाहता लोक आठवडाभर कोड उलटापालटा करतात.

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेमवर, पडद्याचा व्हिडिओ घ्या. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या, पडद्यावरची प्रत्येक फ्रेम व्हिडिओत साधारण चार वेळा दिसते, त्यामुळे जोडबिंब आणि फाट लगेच सापडते. मात्र व्हिडिओत वरून खाली जाणारे काळपट पट्टे दिसले तर घाबरू नका, तो बहुधा पडद्यामागच्या दिव्याचा खेळ असतो.

टीव्ही वापरत असाल तर त्याच्या मेन्यूत जाऊन गेम मोड किंवा पीसी मोड लावा. टीव्ही स्वतःच्या अकलेने दोन फ्रेमच्या मधली तिसरी फ्रेम बनवत असतो. क्रिकेटला ते बरं दिसतं, पण सरकणाऱ्या अक्षरांभोवती त्याने झालर येते.

दुसरी: हर्ट्झ आणि केबल

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा आणि रीफ्रेश रेट वाचा. तिथे ३० दिसलं तर पुढचं काही तपासायच्या आधी ते सोडवा. जुन्या एचडीएमआय १.४ च्या पोर्टमधून ४के चित्र जास्तीत जास्त ३० हर्ट्झने जातं. दुकानातून मोठा ४के टीव्ही आणायचा आणि तो जुन्या पीसीला जोडायचा, इथे हमखास हे होतं. तुमचा प्रोग्राम ६० फ्रेम काढतो आणि पडदा ३० दाखवतो, म्हणजे निम्म्या फ्रेम कुणाला दिसतच नाहीत. उपाय फुकट आहे: रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा, ६० हर्ट्झ निवडा. दरांच्या फलकाला ४के लागत नाही.

५० हर्ट्झ दिसलं तर तेही बदला. प्रोग्राम ६० च्या हिशोबाने चालत असेल आणि पडदा ५० ने, तर सेकंदाला दहा फ्रेम गळतात आणि दर सहाव्या फ्रेमला गचका बसतो. इतका नियमित गचका दिसला की आधी हाच आकडा बघावा.

दोन पडदे जोडलेले असतील आणि दोघांचे हर्ट्झ वेगळे असतील तर तात्पुरता एक काढून बघा.

तिसरी: ड्रायव्हर

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असं नाव दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकून दिल्यावर हे राहून जातं. सगळं रंगवायचं काम मग प्रोसेसर करतो, आणि साधी खिडकी ओढली तरी ती लहरत येते. चिप बनवणाऱ्या किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

फलक ब्राउझरमध्ये चालत असेल तर क्रोमच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स अ‍ॅक्सलरेशन चालू आहे का ते पाहा. एनर्जी सेव्हरही बंद असू द्या, तो फ्रेम कमी करतो. आणि एनीडेस्क किंवा रिमोट डेस्कटॉपवरून बघून ‘अडखळतंय’ असा निष्कर्ष काढू नका. तिकडे दिसतं ते नेटवरून आलेलं, दाबून लहान केलेलं चित्र. खुर्ची त्या मशिनसमोरच टाकावी लागते.

चौथी: धूळ

सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटं नीट चालतं आणि मग अडखळतं, बंद करून थंड झाल्यावर पुन्हा नीट चालतं? प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवतोय. हळदीच्या गोदामात पिवळी भुकटी आणि कारखान्यावर उसाच्या भुश्शाची धूळ पंख्याच्या पाकळ्यांवर जाड थर करते. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, झाकण उघडून ब्लोअरने झटका. पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो ब्लोअरच्या वाऱ्याने भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातले कपॅसिटर चार्ज धरून असतात. वॉरंटीचं सील असेल तर झाकणालाही हात लावू नका.

इथपर्यंत दोष गेला नाही तर आता कोड.

पाचवी: फ्रेम कधी काढायची हे कोण ठरवतं?

६० हर्ट्झला एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. बहुतेक नवशिके १६ मिलिसेकंदांचा टायमर लावतात. विंडोजचं घड्याळ मुळात साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या ठोक्यावर चालतं. त्यामुळे साध्या टायमरला मागितलेले १६ कधी १५.६ ला मिळतात, कधी थेट ३१ ला. बाण मग एका फ्रेमला हलतो, दुसऱ्या फ्रेमला जागीच, तिसरीला दुप्पट. कोड बरोबर, गणित बरोबर, तरी चाल लंगडी.

म्हणून टायमरला विचारू नका, पडद्याला विचारा. ब्राउझरमध्ये सेटइंटरव्हल काढून रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम वापरा. गेम लायब्ररीत व्हीसिंक (फ्रेम पडद्याच्या वेळेशी जुळवणं) चालू करा, आडवी फाटही त्यानेच जाते. विंडोजच्या साध्या खिडकीत डीडब्ल्यूएमफ्लश बोलावलं की पुढचं चित्र पडद्याकडे जाईपर्यंत ते थांबवून ठेवतं.

दुसरं, ‘दर फ्रेमला २ पिक्सेल’ असं लिहू नका. ‘सेकंदाला १२० पिक्सेल’ असं लिहा आणि मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्याने गुणा. नाहीतर तोच पट्टा ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर सव्वापट धावेल आणि ‘गुळाचा दर वाचायच्या आधीच पळतो’ अशी तक्रार येईल. गेलेल्या वेळेवर कमाल मर्यादा घाला, समजा ५० मिलिसेकंद. कुणी दुसरी टॅब उघडली की ब्राउझर फ्रेम थांबवतो. परत आल्यावर हिशोबात अचानक चार मिनिटं येतात आणि पट्टा एका उडीत कुठल्या कुठे जातो.

वेग निवडतानाही थोडं तारतम्य हवं. सेकंदाला १२० पिक्सेल म्हणजे ६० हर्ट्झवर बरोबर २ पिक्सेल. १०० ठेवलेत तर १.६७ येतात, आणि अक्षरांच्या कडा फ्रेमागणिक बदलून मजकूर थरथरतो. हर्ट्झच्या पटीतला वेग घ्या.

सहावी: लुकलुक

लुकलुकीचं कारण एकच: पुसलेला, पण अजून न रंगवलेला पडदा कुणाला तरी दिसला. म्हणून आधी पडद्याआड, मेमरीतल्या चित्रावर पुसणं-रंगवणं उरकायचं आणि पूर्ण झालेलं चित्रच पुढे आणायचं. याला डबल बफर म्हणतात. प्रत्येक ठिकाणी चुकायची जागा मात्र वेगळी आहे.

विनफॉर्म्समध्ये (विंडोजच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) फॉर्मचा डबलबफर्ड गुण ट्रू केला, तरी त्यावर बसवलेल्या पॅनेलला तो लागू होत नाही. चित्र पॅनेलवर काढत असाल तर पॅनेलचा स्वतःचा क्लास करून त्यात तो लावावा लागतो. ‘डबल बफर लावलाय तरी लुकलुकतं’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथेच चुकलेलं असतं. थेट विन३२ मध्ये, म्हणजे विंडोजच्या मूळ फंक्शनांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, खिडकीला पार्श्वभूमी पुसायचा जो निरोप येतो त्याला १ परत द्या आणि इनव्हॅलिडेटरेक्टचा तिसरा पॅरामीटर फॉल्स ठेवा. नाहीतर तुमच्या आधी विंडोज स्वतःच पांढरा हात मारून जातं.

पायथनच्या पायगेम लायब्ररीत एका फ्रेमला दोनदा अपडेट बोलावलेलं असतं, एकदा पुसल्यावर आणि एकदा काढल्यावर. पहिलं काढा. जावा स्विंगचा जेपॅनेल आपणहून डबल बफर असतो. तिथे लुकलुकलं तर गेटग्राफिक्स घेऊन बाहेरूनच चित्र काढताय का ते पाहा. रंगकाम पेंटकॉम्पोनंटच्या आतच व्हायला हवं. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये (पानावर चित्र काढायची जागा) लुकलुक बहुधा दर फ्रेमला नवी इमेज लोड करण्यातून येते, कारण ती येईपर्यंत फ्रेम निघून जाते. इमेज एकदाच लोड करा आणि जपून ठेवा.

सातवी: शेपूट

सगळा स्क्रीन दर फ्रेमला रंगवायचा तर १९२० × १०८० × ४, म्हणजे जवळपास ८३ लाख बाइट. सेकंदाला ६० वेळा म्हटलं की सुमारे ५० कोटी. आपल्या उदाहरणात खरं बदलतं ते तळाचा पट्टा आणि बाण, म्हणजे साडेपाच लाख बाइट आणि वर थोडे. पंधराव्या हिश्शाहून थोडंच जास्त. म्हणून बदललेली चौकटच, म्हणजे बदललेल्या भागाभोवतीचा आयतच, रंगवायचा. पण ही बचत केली की शेपटाची जबाबदारी तुमच्यावर येते.

नियम छोटा आहे: वस्तू जिथे होती ती चौकट आणि जिथे आली ती चौकट, दोन्ही रंगवायच्या. चूक होते ती ‘जिथे होती’ या शब्दांत. वस्तूचे एक्स-वाय बदलल्यावर जुनी चौकट मोजली, तर ती नवीच निघते. म्हणून प्रत्येक वस्तूजवळ ‘शेवटची काढलेली चौकट’ वेगळी ठेवा आणि ती फक्त रंगवण्याच्या फंक्शननेच बदलावी. हलवण्याच्या फंक्शनने तिला शिवायचंही नाही. दोन फ्रेमच्या मध्ये वस्तू दोनदा हलली तरी पुसलं जातं ते पडद्यावर खरोखर असलेलंच.

चौकट बरोबर असूनही शेपूट उरतं, तेव्हा ती अपुरी असते. एक युक्ती: पुसताना पार्श्वभूमीऐवजी भडक राणी रंग भरा. नेमकी कुठली जागा पुसली जाते आणि कुठली सुटते, ते पाच सेकंदांत समोर येतं. सुटणाऱ्या जागा नेहमीच्याच असतात.

रेषेची जाडी ६ असेल तर ३ पिक्सेल आकाराच्या बाहेर जातात. सावली त्याहूनही दूर पसरते.

अपूर्णांक. आपली पट्टी ६० फुटांची आणि ९०० पिक्सेलची, म्हणजे एका फुटाला १५ पिक्सेल आणि एका इंचाला १.२५. पातळी फूट-इंचात येते, त्यामुळे ४० फूट ५ इंचांना बाण ६०६.२५ वर बसतो. कॉम्प्युटर ती पाव पिक्सेलची कड शेजारच्या पिक्सेलवर फिकट रंगाने दाखवतो, आणि पूर्णांकांची चौकट तिला पुसत नाही. बाण उतरत गेला की वर फिकट निळ्या रेघा उरतात. पाणी चढताना एका बाजूला, उतरताना दुसऱ्या. चौकटीचे वरचे-डावे आकडे खालच्या पूर्णांकाकडे न्या, खालचे-उजवे वरच्याकडे, आणि चारही बाजूंनी १ पिक्सेल वाढवा. किंवा वस्तू काढतानाच जागा पूर्णांकात बसवा. सावकाश सरकणाऱ्या बाणाला पहिला उपाय, उड्या मारणाऱ्याला दुसरा.

देवनागरी. इंग्रजी अक्षरांवर बेतलेली उंची आपल्या लिपीला पुरत नाही. वर रफार, वेलांटी, अनुस्वार, खाली उकार आणि रुकार. ‘गूळ’चा दीर्घ ऊकार आणि ‘सर्वांत’चं टिंब चौकटीबाहेर गेलं की पट्टा सरकताना मागे टिंबांची ओळ पडते, रांगोळी घातल्यासारखी. मजकुराची फक्त रुंदी मोजू नका. कॅनव्हासच्या मेझरटेक्स्टमधून अ‍ॅक्चुअलबाउंडिंगबॉक्सचे चारही आकडे घ्या.

दोन चुका दिसायला शेपटासारख्या पण वेगळ्या. जावात ओव्हरराइड केलेल्या पेंटकॉम्पोनंटची पहिली ओळ सुपर.पेंटकॉम्पोनंट नसेल तर जुनं पुसलंच जात नाही. कॅनव्हासमध्ये नव्या आकाराआधी बिगिनपाथ विसरलात तर क्लिअररेक्टने सगळं पुसूनही जुने आकार परत उगवतात, कारण पाथमध्ये (काढायच्या आकारांच्या यादीत) ते साठलेले असतात आणि स्ट्रोक सगळ्यांनाच पुन्हा काढतो. याची खूण अशी की शेपूट आणि मंदावणं दोन्ही बरोबरीने वाढतात.

पूर्वीच्या प्रोग्राममध्ये एक्सॉर पद्धत भेटते: तेच चित्र त्याच जागी दुसऱ्यांदा काढलं की ते पुसलं जातं. मेमरी महाग होती तेव्हाची ही शक्कल. एखादी फ्रेम चुकून एकदाच काढली गेली की डाग कायमचा, आणि रंगही खालच्या रंगानुसार पालटतो. असा कोड दुरुस्त करत बसू नका, बदला.

आठवी: जोडबिंब

हे कोडं सगळ्यात जास्त रात्री खातं. कोड एका मशिनवर नीट चालतो, दुसऱ्यावर वस्तू दोन जागी दिसते.

दोन बफर, म्हणजे मेमरीतली दोन चित्रं, आलटून-पालटून पुढे येत असतील, तर तुमच्या हातात येणारं चित्र मागच्या फ्रेमचं नसतं, त्याच्याही मागच्या फ्रेमचं असतं. समजा बफर अ मध्ये बाण ३०० वर काढला, मग बफर ब मध्ये ३०४ वर. आता पुन्हा अ हातात आला. त्यात बाण ३०० वर आहे. तुमची नोंद म्हणते ‘शेवटची चौकट ३०४’. तुम्ही ३०४ पुसलंत, जिथे या बफरमध्ये काही नव्हतंच, आणि ३०८ वर नवा बाण काढलात. ३०० चा बाण तसाच. पडद्यावर एक फ्रेम ही, एक फ्रेम ती, म्हणून वस्तू लुकलुकत दोन जागी दिसते आणि बघणारा ‘डबल बफर नाही वाटतं’ असं म्हणून अजून एक बफर वाढवतो. त्याने आजार बळावतो.

खात्री करायची तर वस्तू थांबवा, काहीही न रंगवता नुसते बफर बदलत राहा, सेकंदाला एकदा. चित्र दोन रूपांत आळीपाळीने आलं तर हाच दोष.

सोडवायचे मार्ग तीन. एक, प्रत्येक बफरची चौकटींची यादी वेगळी ठेवा. दोन बफर असतील तर मागच्या दोन फ्रेममध्ये बदललेलं सगळं पुन्हा रंगवायचं, तीन असतील तर तिन्हींचं. दोन, स्वतःचं एक कायमचं चित्र मेमरीत ठेवा, सगळी पुसापुशी त्यावरच करा आणि तयार चित्र हातात येईल त्या बफरवर पूर्ण उतरवा. तीन, चौकटींचा नाद सोडून दर फ्रेमला सगळं रंगवा. चांगला ग्राफिक्स ड्रायव्हर असेल तर तिसरा मार्ग निवडायला लाजू नका. ५० कोटी बाइट आजच्या ग्राफिक्स चिपला जड नाहीत. चौकटींची काटकसर खरी उपयोगी पडते ती प्रोसेसरने रंगवायच्या कामात, जुन्या मशिनवर, छोट्या बोर्डवर आणि रिमोटवर.

नववी: लचका आणि सावली

बाण पुसला, काढला, मग शेजारची वस्तू पुसली, काढली, असं एकेक करत गेलात तर दुसरीचं पुसणं पहिलीचा कोपरा खातं. आधी सगळ्या वस्तू पुसा, मग सगळ्या काढा. खालचं चित्र उचलून ठेवायची आणि परत मांडायची पद्धत असेल तर उचललेल्याच्या उलट क्रमाने परत मांडा. ताटांची चळत खालून काढत नाही कुणी.

ज्या चौकटीत काही बदललं, तिला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू मागून पुढे या क्रमाने पुन्हा काढावी लागते, आणि तेवढ्यापुरती कात्री लावून, म्हणजे क्लिप करून. क्लिप विसरलात तर अर्धपारदर्शक सावलीचा चौकटीबाहेरचा भाग न पुसता पुन्हा वर चढतो आणि दर फ्रेमला गडद होतो.

चौकटी जोडायच्या की वेगळ्या ठेवायच्या, हे हिशोबाने ठरवा. बाण ४ पिक्सेल सरकला तर जुनी-नवी मिळून एक चौकट ६८ × ६४, म्हणजे ४,३५२ पिक्सेल. वेगळ्या ठेवल्या तर ८,१९२. जोडा. तोच बाण ४०० पिक्सेल उडाला तर जोडलेली २९,६९६ होते. वेगळ्या ठेवा. आणि सगळ्या मिळून निम्मा स्क्रीन व्यापायला लागल्या की सरळ पूर्ण रंगवा, यादी सांभाळण्यातच वेळ जातो.

दहावी: सगळं बरोबर, तरी जड

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये पेंट फ्लॅशिंग लावा. पुन्हा रंगवला जाणारा भाग हिरवा चमकतो. सगळं पान चमकत असेल तर पट्टा लेफ्ट किंवा टॉप हे जागेचे गुण बदलून हलवताय. ट्रान्सफॉर्मने हलवा, म्हणजे तयार थर नुसता सरकतो, मांडणी आणि रंगकाम पुन्हा होत नाही. कॅनव्हासवर शॅडोब्लर हा सगळ्यात मोठा खादाड. सावली एकदाच चित्रात काढून ठेवा.

मजकूर दर फ्रेमला घडवू नका. देवनागरीत जोडाक्षरं जुळवण्याचं काम आणखी असतं. दर बदलला की पट्टा एकदा मेमरीत काढा, मग तो फक्त सरकवा. फार लांब पट्टा जुन्या चिपला पेलत नाही, म्हणून त्याचे तुकडे करा. पातळीची पट्टी, ४० आणि ४५ च्या रेघा, आकडे, हेही एकदाच काढायचं स्थिर चित्र. पायगेममध्ये प्रत्येक इमेज उघडल्यावर लगेच कन्व्हर्ट किंवा कन्व्हर्टअल्फा करा, नाहीतर दर वेळी रंगांची मांडणी बदलत बसतं. विनफॉर्म्समध्ये ड्रॉइमेजला रुंदी-उंची स्पष्ट द्या. इमेज ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) असेल तर ती गुपचूप लहान-मोठी केली जाते, आणि त्यात वेळ जातो.

अकरावी: संध्याकाळचा थकवा

टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्स (विंडोजकडून घेतलेली रंगकामाची साधनं) हा रकाना लावा आणि दहा मिनिटं बघा. आकडा चढतच असेल तर ब्रश, पेन, फॉन्ट बनवून परत दिले जात नाहीत. विंडोज एका प्रोग्रामला मुळात १०,००० देतं. दर फ्रेमला एक गळत असेल तर पावणेतीन मिनिटांत संपतात, म्हणून ते लगेच सापडतं. पण दर पाच सेकंदांनी दर बदलताना एक गळत असेल तर जवळपास १४ तास लागतात. सकाळी आठला लावलेला फलक रात्री दहाला काळा पडतो, सकाळी सुरू केला की पुन्हा ठणठणीत, आणि दोष विजेच्या माथी जातो. ब्रश-पेन सुरुवातीला एकदाच बनवा, किंवा वापरून झाल्यावर डिस्पोज करा. रोज रात्री मशिन रीस्टार्ट करायची सवय लावणं हा उपाय नव्हे.

कुठे थांबायचं

कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज यायच्या आधीच्या अक्षरांतही डाग, रंगीत ठिपके किंवा चिरा असतील तर तुमच्या कोडचा संबंध नाही. केबल आणि दुसरा मॉनिटर लावून बघा. तरी राहिलं तर ग्राफिक्स कार्ड किंवा बोर्ड आहे, हार्डवेअर दुरुस्तीवाल्याकडे द्या. टीव्हीची पाठ उघडू नका. एलईडी भिंतीचा एकच चौकोन मागे-पुढे होत असेल तर तो त्या मॉड्यूलचा किंवा कंट्रोलरचा प्रश्न आहे, बसवणाऱ्यालाच बोलवा. जळका वास किंवा पॉवर सप्लायमधून आवाज आला तर मेन स्विच बंद, तपासणी बंद.

प्रोग्राम विकत घेतलेला असेल आणि कोड तुमच्याकडे नसेल तर चौथ्या तपासणीनंतर थांबा आणि विक्रेत्याला फोन करा. फाइलींत हात घालून वॉरंटी घालवण्यात अर्थ नाही. कोड तुमचा आहे, पण ड्रायव्हरच कोसळून पडदा काळा होऊन परत येतो, आणि ड्रायव्हर नवा-जुना करूनही तेच, तर ग्राफिक्सचं काम रोज करणारा माणूस गाठा. इथून पुढे अंदाजाने काम होत नाही.

ज्याला बोलवाल त्याच्या हातात एवढं द्या: ग्राफिक्स चिपचं नाव, ड्रायव्हरची आवृत्ती, रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, दोषाचा स्क्रीनशॉट, स्लो मोशनचा व्हिडिओ, आणि सुरू केल्यापासून किती वेळाने दोष दिसला ती वेळ. दुसऱ्या मशिनवर काय झालं तेही लिहा. फेरी मिरजेहून असो वा कोल्हापूरहून, तिचे पैसे तेवढ्याने निम्म्या वेळा वाचतात, कारण ही यादी वाचून उत्तर फोनवरच मिळतं.